मदत हवी आहे: जास्वंदीच्या कळ्या गळतात, डाळिंब धरत नाही, बोगनवेलीला नुसती पानं

कुंपणवेल:

नमस्कार मंडळी,

घरामागे भिंतीला लागून २० फूट लांब आणि ३ फूट रुंद वाफा आहे. त्यात फुलझाडं आणि तोडून खाता येतील अशी फळझुडपं एकत्र लावायची आहेत. शोभेची बाग वेगळी आणि फळबाग वेगळी करण्याइतकी जागाच नाही.

सध्या चार झाडं आहेत आणि चौघांची चार तऱ्हा. जास्वंद मोठ्या फुलांची, संकरित आहे. कळ्या भरपूर लागतात, पण उमलायच्या आत पिवळ्या पडून गळतात. डाळिंबाला लालभडक फुलं येतात आणि झाडाखाली त्यांचा सडा पडतो, फळ एखादंच धरतं. बोगनवेल भिंतीवरून पलीकडे गेली, रंगाचा मात्र पत्ता नाही. लिंबाची नवीन पानं पिवळी निघतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

तुम्ही विचारणारच म्हणून आधीच सांगते. ऊन सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत. वाफ्याच्या डाव्या टोकाला दुसऱ्या झाडाची सावली आहे, तिथे जेमतेम दोन तास. माती काळी, चिकट, पाणी लवकर मुरत नाही. रोज संध्याकाळी पाइपने पाणी. शेणखत घातलेलं आहे, शिवाय अधूनमधून थोडा युरिया.

प्रश्न दोन. कुठलं खत कमी पडतंय? आणि रिकाम्या जागेत काय लावू? रंगासाठी घाणेरी, कण्हेर आणि पिवळी बिट्टी मनात आहे. फळांत तुती, फालसा, करवंद. भाचरं सुट्टीला आली की त्यांनी स्वतः तोडून खावं, ही मूळ इच्छा.

पानगळ:

खताचं नाव सांगण्याआधी एक काम सांगतो. जास्वंदीखाली पडलेल्या ताज्या कळ्या उचला आणि ब्लेडने उभ्या चिरून आत बघा. बारीक, पांढरट-पिवळसर अळ्या दिसल्या तर ती कळीमाशी. ती कोवळ्या कळीत अंडी घालते, अळ्या आतून खातात, कळी पिवळी पडून गळते आणि अळी कळीतून निघून मातीत कोषात जाते. साधारण तीन आठवड्यांत नवीन माशी तयार. अशा वेळी वरून कितीही निंबोळी तेल मारलंत तरी कळीच्या आत ते पोहोचत नाही. गळलेल्या कळ्या रोज वेचायच्या, झाडावरच्या पिवळ्या पडू लागलेल्याही तोडायच्या, सगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फेकायच्या. कंपोस्टमध्ये अजिबात नाही. हे महिनाभर नेटाने केलं तर फरक दिसतो. मधेच सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून.

आत काहीच सापडलं नाही तर पाणी आणि युरियाकडे बघू. कळ्यांच्या देठांशी आणि शेंड्यांवर कापसासारखं पांढरं आहे का तेही बघा. तो पिठ्या ढेकूण. मुंग्यांची रांग वर चढत असेल तर तो असण्याची शक्यता जास्तच, कारण त्याच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्याला सांभाळतात.

बोगनवेलीचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. काळी माती, रोज पाणी आणि वर युरिया! एवढी सुबत्ता असताना ती फुलायच्या भानगडीत कशाला पडेल? नत्र मिळालं की पानं आणि फांद्या. युरिया आजपासून बंद. पाणी तोडा, पानं किंचित मलूल दिसली की मगच एकदा भरपूर द्या. आपण ज्याला फूल म्हणतो ती तिची रंगीत सहपत्रं, म्हणजे फुलाभोवतीची पानं असतात, खरं फूल म्हणजे आतली पांढरी बारीक नळी. हा रंग नवीन फुटीवर येतो, म्हणून एक बहर संपला की लांब फांद्या छाटायच्या आणि पुढच्या फुटीची वाट बघायची. दर आठवड्याला कात्री चालवलीत तर रंग यायच्या आधीच शेंडा जाईल. पाच तास ऊन तिला थोडं कमी आहे, पण वेलीचा वरचा भाग भिंतीबाहेर असेल तर त्याला जास्त मिळत असणार. रंग आधी तिथेच दिसेल.

हिरवाचाफा:

मी केळ्याच्या साली पाण्यात भिजवून ते पाणी सगळ्या झाडांना घालते, फुलं छान येतात. लिंबाला एप्सम सॉल्ट घालून बघा ताई, पिवळेपणा जातो.

मातकट:

हिरवाचाफा, एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम. त्याची कमतरता असेल तर पिवळेपणा आधी जुन्या पानांवर दिसतो. इथे नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या आहेत, म्हणजे लोह मिळत नाहीये. आणि बहुतेक वेळा मातीत लोह असतंच. चुनखडीच्या किंवा सतत ओल्या जमिनीत मुळांना ते उचलता येत नाही. त्यामुळे लिंबाचं पहिलं औषध म्हणजे रोजचं पाणी थांबवणं. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर पाणी नको. बुंध्याभोवती माती चढवून पाणी खोडापासून लांब राहील असं करा. सोबत चिलेटेड लोहाची (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातलं लोह) फवारणी पानांवर, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच. गुण आला की नाही हे पुढच्या नव्या पालवीवरून ठरवा.

केळ्याच्या सालींचं पाणी घातल्याने नुकसान काही नाही. पण साली मातीत गाडल्या तर त्यातलं पालाश सावकाश का होईना पूर्ण मिळतं, पाण्यात थोडंच उतरतं. इतका खटाटोप करायचाच तर सरळ कंपोस्टमध्ये टाका.

आता डाळिंब. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डाळिंबाच्या एकाच झाडावर दोन प्रकारची फुलं येतात. एकाचा तळ देठाकडे निमुळता होत जातो, एकूण आकार घंटेचा. हे कामापुरतं नर फूल, आतला बीजकोष वाढलेलाच नसतो, ते गळणारच. दुसऱ्याचा तळ पहिल्या दिवसापासून फुगीर, गोलसर असतो आणि मधे परागवाहिनी उंच दिसते. फळ फक्त याच फुलाचं होतं. खाली पडलेली मूठभर फुलं उचला आणि तळ बघा. सगळी निमुळती असतील तर झाड आजारी नाही, त्याचा नेहमीचा व्यवहार चालू आहे. फुगीर तळाची फुलंही पडत असतील तर मात्र काळजी करायची.

नर फुलांचं प्रमाण जातीवर अवलंबून असतं, तसंच झाडाच्या ताकदीवरही. बुंध्यातून फुटणारे धुमारे सगळी शक्ती खातात, ते कोवळे असतानाच मुळाशी काढा. तीन-चार मुख्य खोडं ठेवली की पुरे. मधमाश्या कमी दिसत असतील तर मऊ ब्रशने नर फुलातले पराग फुगीर फुलाच्या टोकाला लावा, सकाळच्या वेळी. फळ धरल्यावर पाण्यात चढउतार नको. कोरडं पडू देऊन मग एकदम भरपूर पाणी दिलं की साल तडकते. म्हणजे बोगनवेलीला जे करायला सांगितलंय ते डाळिंबाला करायचं नाही. फळ लिंबाएवढं झालं की कापडी पिशवी बांधा. एका फुलपाखराची अळी फळ पोखरते आणि एकदा आत शिरल्यावर आपल्या हातात काही राहत नाही.

काट्याकुट्यात:

वरच्या दोघांनी झाडांचं नीट सांगितलंय. मी तुमच्या यादीसाठी लिहितेय, आणि जरा कडक लिहितेय.

कण्हेर, बिट्टी आणि घाणेरी तिन्ही काढून टाका. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी असतो. बिट्टीची फळं, त्यातही आतल्या बिया, हृदयावर थेट परिणाम करतात. घाणेरीची हिरवी फळं विषारी असतात, आणि पक्ष्यांमार्फत ती इतकी पसरते की जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. एरवी मी कण्हेरीच्या विरोधात नाही, रस्त्याकडेला ती शोभतेच. पण ज्या वाफ्यात मुलांना ‘तोडा आणि खा’ असं सांगायचंय तिथे खाऊ नये असं एकही फळ नको. मुलांना झाडांची नावं पाठ नसतात, ती फळ बघून हात घालतात. रातराणी कोणी सुचवली तर तीही नको, तिची पांढरी फळंसुद्धा विषारीच.

याच न्यायाने, जास्वंदीसाठी म्हणून मुळाशी टाकायचं आंतरप्रवाही (झाडाच्या रसात मिसळून सगळीकडे पसरणारं) कीटकनाशक या वाफ्यात वापरू नका. ३ फुटांच्या पट्ट्यात मुळं एकमेकांत गुंतलेली असतात, शेजारचं झाड ते उचलू शकतं आणि फुलांतून मधमाश्यांपर्यंतही ते जातं. निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थोडा सौम्य द्रव साबण घालून, संध्याकाळी आणि उमललेली फुलं टाळून. मावा, पिठ्या ढेकूण यांना एवढं पुरतं.

लावायचं काय? तुती आणि फालसा दोन्ही नव्या फुटीवर फळतात, त्यामुळे छाटून छातीएवढी ठेवता येतात. अरुंद वाफ्यात हे फार सोयीचं. तुतीची फांदी छाटून उरलेली पानं ओरबाडून काढली की नव्या फुटीसोबत पुन्हा फळं दिसू लागतात. पण हाच प्रयोग लिंबावर करू नका, त्याच्या फक्त वाळक्या आणि आत गर्दी करणाऱ्या फांद्या काढायच्या. रंग आणि फळ एकाच झुडपात हवं असेल तर माझं मत बार्बाडोस चेरीला. गुलाबी फुलं, लाल फळं, फुलापासून फळ पिकेपर्यंत जेमतेम महिना, आणि वर्षातून अनेकदा बहर. करवंदाचे काटे जबर असतात. लावायचंच तर भिंतीच्या कोपऱ्यात, मुलांची ये-जा नाही तिथे. आधीची चार झाडं धरली तर तुमच्याकडे दोन, फार तर तीन झुडपांची जागा उरते. पुढच्या कडेला झिनिया, कॉसमॉस, झेंडू, पेंटास अशी बुटकी मंडळी. मधमाश्या आल्या की डाळिंबाचंही काम होतं.

कुंपणवेल:

सगळ्यांचे खूप आभार. कळ्या चिरल्या. बऱ्याच कळ्यांत अळ्या निघाल्या, वळवळणाऱ्या! पिशवी बांधून वेचायला सुरुवात केली आहे. डाळिंबाची पडलेली फुलं बघितली, सगळी निमुळती. झाडावर मात्र फुगीर तळाची पाच दिसली, त्यांना दोरा बांधून ठेवलाय.

काट्याकुट्यात, यादीला काट मारली. तुती आणि बार्बाडोस चेरी नक्की. तुती डाव्या टोकाला लावली तर चालेल का? तिथे जागा सगळ्यात जास्त आहे. आणि मुलं फुगीर फुलं तोडणार नाहीत यासाठी काही युक्ती?

काट्याकुट्यात:

डाव्या टोकाला नको. दोन तासांच्या उन्हात तुती पानं देईल, फळं नाही. सावलीच्या टोकाला अबोली लावा, केशरी रंग आणि अर्धी सावली चालते. समोर तेरडा. तुती मधल्या भागात, डाळिंबापासून किमान ५ फुटांवर. तिचा विस्तार मोठा होतो, छाटणीचा आळस केलात तर लिंबावरही सावली येईल. पिकलेल्या तुतीचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, तेव्हा कपडे वाळत घालायची दोरी जवळ असेल तर आधी ती हलवा.

मुलांना त्या पाच फुलांची राखण द्या. एकेकाच्या नावाची चिठ्ठी दोऱ्याला बांधा.

मातकट:

चिठ्ठी दोऱ्याला बांधा, पण दोरा देठाला घट्ट बांधू नका. देठ जाड होत जातो, दोरा रुतला तर फळ गळेल. आधी बांधलेले दोरेही आजच सैल करा.

पानगळ:

कळ्या वेचताना जास्वंदीखालची वरची इंचभर मातीही खुरप्याने हलवून उन्हात उघडी करा, कोष तिथेच असतात. मुळं वरवर असतात, खोल खणू नका. महिन्याभराने पुन्हा कळ्या चिरून बघा आणि इथे कळवा. तेव्हाही अळ्या निघाल्या तर आसपास दुसरी कुठली जास्वंद आहे का ते शोधावं लागेल.