बांबोळी विकून विमा वाटा म्हणे!

डिचोलीकर

कालपासून एक पोस्ट फिरतेय. सार असं: गोमेकॉ, म्हणजे बांबोळीचं सरकारी गोवा मेडिकल कॉलेज इस्पितळ, एखाद्या कंपनीला चालवायला द्या, वाचलेल्या पैशात प्रत्येक गोंयकार कुटुंबाला विम्याचं कार्ड द्या, मग ज्याला जिथे जायचं तिथे तो जाईल. जर्मनी, जपान, सिंगापुरात म्हणे असंच चालतं. खाली अंगठ्यांचा पाऊस. म्हणून हा प्रपंच.

पैसे कोण भरतो आणि इस्पितळ कोणाचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पोस्टकर्त्याने त्यांची खिचडी केलीय. जर्मनीत १८८३पासून सक्तीचा विमा आहे. पगाराच्या १४.६ टक्के, वर त्या-त्या विमाकोशाचा जादा हप्ता, निम्मा कामगाराचा, निम्मा मालकाचा. पण तिथली विद्यापीठांची इस्पितळं, म्हणजे आपल्या भाषेत तिथल्या बांबोळ्या, सरकारीच आहेत. गीसेन-मारबुर्ग तेवढं २००६ साली विकलं. जपानात बहुतेक इस्पितळं खासगी, पण नफा वाटून घेणाऱ्या कंपनीला तिथे नवं इस्पितळ काढता येत नाही, आणि देशभर दरपत्रक एकच. सरकार ते दर दोन वर्षांनी ठरवतं. सिंगापुरात मोठी इस्पितळं सरकारच्याच मालकीची. तीन उदाहरणं दिली, तिन्ही अंगावर उलटली.

दुसरं, पोस्ट म्हणते, ‘स्पर्धेने दर्जा सुधारतो’. वाळपईत स्पर्धा कोण करणार? छातीत कळ आलेला माणूस रात्री दोन वाजता तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात येतो. ईसीजी काढतात, तो गोमेकॉच्या हृदयरोग विभागाला पाठवतात, तिकडून ‘स्टेमी’, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद झालेला झटका, असं उत्तर आलं की गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेस तिथल्या तिथे देतात. डोस वजनावर: साठ किलोच्या आत ३० मिलिग्रॅम, नव्वद किंवा वर ५०, शिरेतून एकाच दमात. त्याआधी विचारायचं, अलीकडे पक्षाघात, डोक्याला मार, कुठे रक्तस्राव झालाय का. मग १०८मधून बांबोळी, आणि सगळं सुरळीत असेल तर ३ ते २४ तासांत अँजिओग्राफी. हे इंजेक्शन महाग. मुदत संपली की टाकून द्यायचं, आणि वाळपईला महिन्याला किती लागतील ते कोणी सांगू शकत नाही. कुठली कंपनी ते साठ्याला ठेवेल? कपाटात इंजेक्शन नसेल तर खिशातलं कार्ड चाटायचंय?

पर्वरीचा पांथस्थ

डिचोलीकरबाब, स्टेमीची योजना चांगली आहे, वाद नाही. पण हार्ट अटॅक रोज येत नाही. हर्निया, मुतखडा, गुडघा, मोतीबिंदू हे रोजचे. तिथे काय होतं? केस पेपर, रांग, ‘सोनोग्राफी करून या’, तिची तारीख वेगळी, रिपोर्ट घेऊन पुन्हा तीच रांग. मग भूलतज्ज्ञाकडून फिटनेस. त्यात शुगर वाढलेली निघाली की मेडिसिनची ओपीडी, तिचे वार वेगळे. काणकोणच्या माणसाची दर फेरीला एक दिवसाची मजुरी बुडते. ती सरकारच्या कुठल्याच बजेटात दिसत नाही, म्हणून तुम्ही त्याला फुकट म्हणता.

आणि इंग्लंडचे गोडवे गाणाऱ्यांसाठी: किमान ९२ टक्के रुग्णांना १८ आठवड्यांच्या आत उपचार, हे त्यांनी स्वतःच ठरवलेलं उद्दिष्ट. २०१६पासून गाठलेलं नाही. पोर्तुगालात १५ लाखांहून जास्त लोकांना फॅमिली डॉक्टर नेमून दिलेला नाही. पोर्तुगीज नागरिकत्वाच्या कागदांसाठी धावणाऱ्यांनी हेही वाचून ठेवावं.

स्विंडनचा सावर्डेकर

पावती फाडायला एनएचएस, म्हणजे इथली ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, बरी सापडते सगळ्यांना. एक तर इथे सगळं फुकट नाही. इंग्लंडात औषधाच्या चिठ्ठीवर आयटममागे ९.९० पौंड, शेजारच्या वेल्समध्ये शून्य. व्हिसावर येणाऱ्या मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड अधिभार, तोही जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचा एकदम, आगाऊ. दातांचं विचारूच नका, सरकारी दराने नवा पेशंट घेणारा डेंटिस्ट शोधेपर्यंत दात आपोआप पडतो.

दुसरं, एनएचएस म्हणजे निव्वळ सरकारी, ही समजूतच चुकीची. इथला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, १९४८पासून बहुतांशी खासगी कंत्राटदार आहे. सरकार त्याला नोंदलेल्या माणसामागे वर्षाचे ठरलेले पैसे देतं, वय आणि आजारपण बघून कमीजास्त. तपासणीमागे देत नाही. म्हणून तो उगाच एमआरआय लिहीत नाही. आणि जिथे लिहायला हवा तिथेही कधी कधी लिहीत नाही, हे पांथस्थ म्हणण्याआधी मीच म्हणतो.

टीपीए_टेबल

कार्डावर एवढा विश्वास असलेल्यांनी खोलीभाड्याचं कलम वाचलंय का? ३ लाखांची पॉलिसी, भाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. घरचे म्हणतात एसी खोली हवी, ६,०००वाली. त्यांना वाटतं वरचे तीन हजार आपण भरू. तसं होत नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी (ऑपरेशन थिएटर), नर्सिंग, सगळंच निम्म्यावर येतं, कारण ही बिलं खोलीच्या वर्गाप्रमाणे चढतात. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयू यांना ही कात्री लावता येत नाही, पण बिलिंगवाल्याने वेगळं दाखवलं नाही तर लागते. बिल हातात आलं की हे चार मथळे आधी बघा.

डिस्चार्जचंही तसंच. नियम म्हणतो, शेवटची मंजुरी ३ तासांत. हे तीन तास इस्पितळाने विनंती पाठवल्यापासून. त्याआधी उरलेली औषधं वॉर्डातून फार्मसीला परत जातात, लॅबचं शेवटचं बिल चढतं, डॉक्टरची सही हवी आणि डॉक्टर ओटीत. दुपारी अपलोड. मग कंपनीचा प्रश्न: ‘बीपी कधीपासून?’ घाईत कोणीतरी डिस्चार्ज समरीवर ‘दहा वर्षं’ लिहिलेलं असतं आणि पॉलिसी दोन वर्षांची. पॉलिसीच्या आधीपासूनच्या आजाराचा क्लेम मिळायला ३ वर्षांपर्यंत थांबावं लागतं. ‘माहिती लपवली’ म्हणून क्लेम उडवायची सोय कंपनीला पहिली ५ वर्षं असते, त्यानंतर फक्त फसवणूक सिद्ध केली तर. भरती होताना आजाराची वर्षं अंदाजाने सांगू नका. शंभरातल्या निम्म्या कटकटी तिथे सुरू होतात.

पर्वरीचा पांथस्थ

हे कंपन्यांचे विमे झाले. मी सरकारी कार्डाबद्दल बोलतोय. गोवा सरकारचं दीनदयाळ विमा कार्ड आहेच की. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार. तेच वाढवा आणि बांबोळीचा पांढरा हत्ती सोडा.

डिचोलीकर

तेच तर! दीनदयाळ चालतं, कारण मागे बांबोळी आहे. पॅकेज कसं असतं माहीत आहे ना? अमुक शस्त्रक्रियेचे अमुक रुपये, पेशंट चार दिवसांत घरी गेला तर इस्पितळाला सुटतात, जंतुसंसर्ग होऊन चौदा दिवस राहिला तर खिशातून जातात. मग ऐंशी वर्षांचा, शुगरवाला, किडनी बिघडलेला पेशंट आला की ‘आमच्याकडे बेड नाही, बांबोळीला न्या’. सोपे पेशंट खासगीला, किचकट सरकारला, आणि वर्षअखेरीला ‘बघा, सरकारी इस्पितळात मृत्यू जास्त’! जर्मनीत हेच पॅकेज आहे, पण तिथे सोबतच्या आजारांप्रमाणे रक्कम चढते. त्यात पुन्हा कागदावर आजार वाढवून लिहायची खोड लागते, तो भाग निराळा.

शिवाय कार्ड म्हणजे भरती. बीपीची, शुगरची रोजची गोळी कार्डावर मिळत नाही. केंद्राच्या आयुष्मान कार्डाचं बघा, भरतीच्या आधीचे ३ दिवस आणि नंतरचे १५, बस.

दोडामार्ग

तुमच्या जर्मनी-जपानात आमचं कोणी विचारेल का? सीमेपलीकडच्या महाराष्ट्रातला, दोडामार्ग, सावंतवाडी, बांद्याचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीला जातो. २०१८च्या जानेवारीपासून गोव्याने परराज्यातल्यांना शुल्क लावलं. आमच्याकडच्या तिळारी धरणाचं पाणी मात्र बिनशुल्क हवं!

सत्तरीकर

तिळारीचं पाणी फुकट नाही, प्रकल्पाच्या खर्चात गोव्याचा मोठा वाटा आहे, आधी ते वाचा. सत्तरीतला माणूस बांबोळीत जमिनीवर गादी टाकून झोपतो आणि बेडवर कोण असतं ते आम्हाला दिसतं. तुमच्या सरकारने तुमच्या जिल्ह्यात इस्पितळ नीट चालवलं असतं तर ही वेळ आली असती का?

दोडामार्ग

जमिनीवरची गादी आमच्यामुळे? म्हापशाचं जिल्हा इस्पितळ, फोंड्याचं उपजिल्हा इस्पितळ साध्या अपेंडिक्सलाही बांबोळीला धाडतात तेव्हा बेड कोण अडवतं? रोज सकाळी दोडामार्गच्या गाड्या भरून डिचोली, थिवीच्या कारखान्यांत कामगार येतात. ते ‘भायले’, म्हणजे बाहेरचे, नाहीत वाटतं? घाम गोव्यात गाळायचा आणि आजारी पडलं की सीमा आठवते.

डिचोलीकर

धागा कुठे चाललाय?

सत्तरीकर

जिथे जायला हवा तिथेच. ब्रिटनसुद्धा बाहेरून आलेल्या पाहुण्याकडून इस्पितळाच्या उपचाराचे दीडपट घेतं, १५० टक्के. कॅज्युअल्टीत तपासतात फुकट, भरती केलं की मीटर चालू. मग गोव्यानेच काय पाप केलं?

स्विंडनचा सावर्डेकर

दीडपट खरं. पण तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितली. युरोपीय संघात नेमकी दोडामार्गची अडचण कार्डाने सोडवलीय. एका देशातला विमाधारक दुसऱ्या देशात अचानक आजारी पडला तर तिथल्या स्थानिकाला जो दर तोच त्याला, आणि हिशेब नंतर दोन देश आपापसात करतात. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला आधी आपल्या देशाची मंजुरी घ्यावी लागते. स्थानिक माणूस भरतो त्याहून जास्त पेशंटने भरायचं नाही, आणि गादी कोणाची यावर भांडायचंही नाही.

टीपीए_टेबल

आपल्याकडेही कागदावर सोय आहे. आयुष्मान कार्ड राज्याबाहेर चालतं. पण इस्पितळ पॅनेलवर हवं, ते पॅकेज त्या इस्पितळाला मंजूर हवं, आणि मंजुरी आधी हवी. अडकतं कुठे? रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. सून माहेरच्या नावाने, सासरा आडनावाशिवाय. सावंतवाडीतून निघायच्या आधी कार्डाची ई-केवायसी झालीय का ते बघा. इथे आल्यावर रविवारी ते दुरुस्त करायला कोणी बसलेलं नसतं.

आणि दोडामार्गच्या कामगाराचं म्हणाल तर पगार २१,०००च्या आत असेल तर तो ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत, बसतो. त्याच्या पगारातून ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. कुटुंबासकट उपचार, ओपीडीची औषधंसुद्धा. डिचोलीकर ज्या जर्मन पद्धतीचं सांगतात ती हीच, फक्त गरिबांपुरती. कंत्राटदार नाव चढवत नाही किंवा अर्ध्या महिन्याचाच पगार दाखवतो, तिथे माशी शिंकते. पगाराच्या चिठ्ठीवर आयपी नंबर, म्हणजे ईएसआयचा विमा क्रमांक, आहे का बघा. नसेल तर कपात करून पैसे जातात कुठे ते विचारा.

दोडामार्ग

हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. तरी सत्तरीकरांचा सूर मला पटलेला नाही.

सत्तरीकर

माझाही विचार बदललेला नाही. तुमच्या सरकारने बिल भरलं तर बेड घ्या, माझी काय हरकत? महात्मा फुले योजना आता महाराष्ट्रातल्या सगळ्या कुटुंबांना आहे ना, ५ लाखांची? मग त्यातून गोव्याला पैसे येऊ देत.

पर्वरीचा पांथस्थ

बरं, बांबोळी विकत नाही, खूश? पण विकायची नसेल तर चालवा तरी. सोनोग्राफी, रक्त आणि भूलतज्ज्ञ एकाच दिवशी बसवायला जर्मनीचा चान्सेलर लागत नाही. संध्याकाळची ओपीडी सुरू करा, मजुराचा दिवस वाचेल. आणि म्हापसा-फोंड्याहून येणाऱ्या प्रत्येक रेफर चिठ्ठीवर ‘इथे का झालं नाही’ याचं कारण लिहायची सक्ती करा. महिनाभर ती कारणं मोजा, मग गाद्या कोणी अडवल्या ते कळेल.

डिचोलीकर

रेफर चिठ्ठीचं बरोबर आहे. खासगी इस्पितळांनाही तीच सक्ती लावा, ‘बेड नाही’ एवढंच लिहून चालणार नाही. त्या दिवशी किती बेड रिकामे होते तेही लिहायचं.

पर्वरीचा पांथस्थ

लावा की. मी कुठे त्यांचा वकील आहे?