सवय कुठल्या गोळीची? (‘मुक्तछंद’ यांच्या लेखाला उत्तर)

दुपारची_ओपीडी
काल ‘मुक्तछंद’ यांनी लिहिलं: “मानसोपचाराच्या गोळ्यांची जन्माची सवय लागते. आधी समुपदेशन आणि प्राणायाम, गोळी अगदी शेवटी. घेत असाल तर आजच बंद करा.” खाली टाळ्यांचा पाऊस. दोन ओळींत भागणार नाही, म्हणून वेगळा धागा.

‘गोळ्या’ म्हणजे कुठल्या? एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन ही उदासी-चिंतेवरची एक जात. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम ही झोप-घबराटीची दुसरी. सवय लागते ती दुसरीची, आणि तीही महिना-दीड महिना रोज घेतली तरी लागू शकते. पहिलीची तल्लफ येत नाही, डोस वाढवावासा वाटत नाही. तिची अडचण निराळीच आहे. मळमळ, डोकेदुखी, बेचैनी पहिल्याच आठवड्यात येते आणि गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. आधी त्रास, मग आराम. दहाव्या दिवशी पट्टी कचऱ्यात जाते ती यामुळे. बरं वाटायला लागल्यावर निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवायची असते; लोक नेमकी तेव्हाच सोडतात आणि दुखणं उलटतं.

ज्याला पहाटे तीनला जाग येते, घास गिळवत नाही, समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत सुरुवात आठवत नाही, त्याला नुसतं प्राणायामावर सोडणार?

मुक्तछंद
दोन जातींचा तास तुमच्या ओपीडीत घ्या. लोकांच्या हातात पडते ती एकच गोळी! पट्टीमागची बारीक अक्षरं कधी वाचलीत? एस्सिटालोप्राम १० मि.ग्रॅ., खालच्या ओळीत क्लोनाझेपाम ०.५ मि.ग्रॅ. दोन्ही एकाच गोळीत. माणूस ती दोन वर्षं घेतो, एक दिवस सोडतो, हात थरथरतात, चार रात्री डोळा लागत नाही. ‘सवय लागली’ असं तो म्हणाला तर त्यात अडाणीपणा कसला?

काउंटरपलीकडून
मुक्तछंदांचं हे खरं आहे. नावापुढे ‘प्लस’ किंवा असलंच काही शेपूट दिसलं की आत दोन औषधं आहेत असं समजा. गिऱ्हाईक चिठ्ठी आणत नाही, कापलेल्या पट्टीचा तुकडा आणतं: “हीच द्या.” चिठ्ठी असली तर दीड वर्षापूर्वीची. आणि सगळं केमिस्टवर ढकलू नका. अल्प्राझोलाम आणि झोपेची झोल्पिडेम शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीत आहेत. पेशंटचं, डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं सांभाळावं लागतं. नियम कडक आहे. आम्ही ‘नाही’ म्हटलं की गिऱ्हाईक रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात जातं, एवढंच.

दुपारची_ओपीडी
मुक्तछंद, मुद्दा बरोबर आहे, चुकून का होईना. पण मग दोष जोडीचा, ती लिहून देणाऱ्याचा, की सगळ्या मानसोपचाराचा?

गावचा_डॉक्टर
आला का विषय फॅमिली डॉक्टरवर? वाटच पाहत होतो. सकाळी सत्तर पेशंट, तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नाही, जिल्ह्याला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. नुसती एस्सिटालोप्राम दिली की पहिल्या आठवड्यात बेचैनी वाढते आणि पेशंट भगताकडे जातो. सुरुवातीला जोडीला क्लोनाझेपाम देणं मान्य पद्धत आहे. शहरात बसून नावं ठेवणं सोपं.

दुपारची_ओपीडी
मान्य पद्धत म्हणजे दोन, फार तर चार आठवडे. आणि वेगळी गोळी. वेगळी असली की काढता येते. जोडीची अर्धी केली तर एस्सिटालोप्रामही पाचवर येते, म्हणजे एकाच वेळी दोन्हींचा पाय ओढला जातो. मग झालेला त्रास कशाचा, हे ना पेशंटला कळतं ना तुम्हाला.

जोडाक्षर
दोघे भांडताय, पण सोडवायची कशी ते कोणी सांगत नाही. आधी फारकत: एस्सिटालोप्राम १० एक गोळी, क्लोनाझेपाम ०.५ दुसरी. पहिलीला हात लावायचा नाही. दुसरी ०.२५ वर आणून निदान दोन आठवडे थांबायचं, मग पुढची पायरी. जुनी सवय असेल तर दर दोन आठवड्यांनी दहा ते पंचवीस टक्केच कमी करायची. झोप बिघडली तर त्याच पायरीवर थांबायचं, वर चढायचं नाही. हे डॉक्टरच्या देखरेखीखालीच. क्लोनाझेपामवर दारू तर नाहीच नाही, श्वास मंदावतो. वयस्कर माणूस असेल तर रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा. या गोळीवर म्हातारी माणसं पडतात आणि खुबा मोडून घेतात.

आणि ‘एक दिवसाआड घ्या’ हा सल्ला कृपा करून बंद करा. एस्सिटालोप्राम एक दिवसाआड घेतली तर रक्तातली पातळी रोज वर-खाली होते. मग चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं.

मुक्तछंद
अरेच्चा! म्हणजे ‘सवय न लागणारी’ गोळी सोडल्यावरही करंट बसतो? मग मी वेगळं काय म्हणत होतो?

दुपारची_ओपीडी
ते व्यसन नव्हे, पण होतं हे खरं. याच जातीतल्या पॅरोक्सेटीनचं जास्त; फ्लुओक्सेटीनचं कमी, कारण ती शरीरातून सावकाश जाते. आमचे लोक ‘काही होत नाही’ म्हणून मोकळे होतात, ती आमची चूक. झालं समाधान?

मांडवीकाठ
मूळ प्रश्न राहिला बाजूला. गोळी आधी की बोलणं आधी, यावर आमच्या गोव्यातच काम झालंय. ‘संगत’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या लोकांना समुपदेशनाच्या सहा ते आठ भेटी दिल्या. देणारे मानसशास्त्राची पदवी नसलेले, प्रशिक्षण घेतलेले स्थानिक लोक. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: तीन महिन्यांनी या भेटी मिळालेल्यांत ६४ टक्के सावरले, नेहमीच्याच उपचारावर ३९ टक्के. भेटीत काय? सुटलेली कामं लहान करून परत धरायची. ‘घर आवर’ नाही. ‘उद्या सकाळी चहाचे दोन कप विसळ, आणि त्यानंतर कसं वाटलं ते लिही’. ‘मन मोकळं कर’ म्हणून तास काढणं वेगळं, हे वेगळं.

जोडाक्षर
हे वाचून उद्या गल्लीत समुपदेशकांच्या पाट्या लागतील! तीन महिन्यांचं सर्टिफिकेट, भिंतीवर फ्रेम, तासाला दीड हजार. गोव्यातल्या लोकांच्या कामावर सतत देखरेख होती, भेटी तपासल्या जात होत्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो मागा. बिनधास्त मागा. ‘क्रमांक कशाला?’ असं उत्तर आलं तर उठा.

मांडवीकाठ
पदव्यांचं दुकान तुम्ही चालवा. तालुक्यात क्रमांकवाला एक तरी दाखवा, मग बोलू.

गावचा_डॉक्टर
प्रथमच कोणीतरी माझ्या बाजूने बोललं.

सिव्हिलची_रांग
कोणाच्या बाजूने ते नंतर ठरवा. माणसाने उद्या सकाळी जायचं कुठे? येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं सगळ्यांना ठाऊक, आणि त्यांच्या नावानेच घरचे घाबरतात. तिथे जायची गरज बहुतेकांना नसते. जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढा, मनोविकार विभागाचा वार आदल्या दिवशी विचारून ठेवा. सोबत चालू गोळ्यांच्या पट्ट्या न्या, चुरगळलेल्यासुद्धा. थायरॉईड आणि बी-१२ चे जुने रिपोर्ट असतील तर तेही. थायरॉईड कमी असला तरी माणूस असाच मलूल दिसतो.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी एक गोष्ट आपण सांगायची: पूर्वी कधी सलग चार-पाच दिवस जेमतेम झोपूनही अंगात प्रचंड उत्साह, भरमसाठ खर्च, तोंडाची टकळी बंद नाही, असं झालं होतं का? झालं असेल तर हे बायपोलर, म्हणजे उदासी आणि अति-उत्साह अशी दोन टोकं गाठणारा आजार असू शकतं, आणि नुसत्या उदासीच्या गोळीने माणूस उलट्या टोकाला जाऊ शकतो.

जाणं जमतच नसेल तर १४४१६, टेलिमानस, ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीत. आधी समुपदेशक बोलतो, गरज पडली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाला जोडून देतात.

जीव द्यायचे विचार येतायत का, हे सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात भरत नाही. ‘हो’ आलं तर वाद घालू नका, ‘मुलांचा विचार कर’ नको. एकटं सोडू नका. घरातली औषधं, फवारणीची औषधं कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. बेत ठरलेला असेल तर थेट अपघात विभाग किंवा ११२. गोळ्या आठवड्यापुरत्याच घरात ठेवा.

काउंटरपलीकडून
आठवड्याच्या सात गोळ्या मागितल्या तर मी कापून देतो. सगळे देत नाहीत. पट्टी कापताना तारीख आणि नावाचा भाग पेशंटकडे राहील असं कापायला सांगा, नाहीतर महिन्याने कोणालाच कळत नाही काय चाललंय.

गावचा_डॉक्टर
बरं, नव्या पेशंटला जोडी लिहिणं बंद करतो. वेगवेगळ्या लिहीन, क्लोनाझेपामपुढे ‘१४ दिवस’. जुने वीसेक आहेत, त्यांचं जोडाक्षर म्हणतात तसं बघतो. आता तरी माझा पिच्छा सोडा.

मुक्तछंद
ठीक. माझ्या लेखात ‘गोळ्यांची सवय’ काढून ‘जोडगोळीची सवय’ करतो. प्राणायाम राहणार, त्यावर तडजोड नाही.

दुपारची_ओपीडी
राहू दे प्राणायाम. पण ‘आजच बंद करा’ हे शेवटचं वाक्य आत्ता काढा. वर्षभर क्लोनाझेपाम घेतलेल्या माणसाने ते ऐकलं तर त्याला फिट येऊ शकते.

मुक्तछंद
काढलं.