अनुभव धागा : आयटीतील पहिली नोकरी आणि त्यापुढची वर्षे

आयटीत दहा वर्षांहून अधिक काळ काम केलेल्यांनी आपला अनुभव लिहावा, ही विनंती. पहिली नोकरी कशी लागली यापेक्षा शिकलेले तंत्रज्ञान जुने पडल्यावर आपण काय केलेत, हे नवोदितांना कळणे मला अधिक गरजेचे वाटते. आलेल्यांपैकी तिघांचे अनुभव खाली देत आहे.

सुरुवात १९९८, मुंबई

गणितात बी.एस्सी. झाल्यावर सीप्झ या निर्यात क्षेत्रातील एका कंपनीत मी कोबोल या जुन्या संगणकीय भाषेचा प्रोग्रॅमर म्हणून लागलो. काम वायटूकेचे, म्हणजे २००० साल उजाडल्यावर तारखांचा हिशेब चुकू नये म्हणून जुने प्रोग्रॅम दुरुस्त करण्याचे होते. पूर्वी साठवणुकीची जागा फार महाग असल्यामुळे वर्षाचे शेवटचे दोनच अंक ठेवले जात. त्यामुळे १९९५ साली ठेवलेल्या ठेवीची मुदत २००० साली मोजताना ०० मधून ९५ वजा होत आणि वर्षे उणे येत. अशा तारखा शोधण्याचे काम कंटाळवाणे मानले जाई, पण आमच्या टीम लीडरांनी शिस्त लावली होती, की प्रोग्रॅमला हात लावण्यापूर्वी तो बँकेत कोणत्या कामासाठी चालतो हे लिहून दाखवायचे. त्या वहीमुळे मला व्याजाची आकारणी, दिवसअखेरचे बॅच जॉब (दिवसभराच्या नोंदींवर एकत्र चालणारे प्रोग्रॅम) आणि ताळमेळ जुळला नाही तर चूक कोठे शोधायची हे कळले. २००० साल उजाडल्यावर ते काम आटले. सहकाऱ्यांबरोबर मीही जावा ही नवी संगणकीय भाषा शिकलो, परंतु पुढच्या प्रकल्पात मला घेतले गेले ते बँकेचे काम समजत होते म्हणून. आजही मी बँकिंगमध्येच आहे.

सुरुवात २००९, पुणे

कॅम्पसमधून निवड झाली होती, पण सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाली, जगभर मंदी आली आणि माझे रुजू होणे लांबतच गेले. शैक्षणिक कर्जाचा हप्ता डोक्यावर असताना ती वाट पाहणे फार जड गेले. शेवटी सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा सहा महिन्यांचा डिप्लोमा करून एका लहान कंपनीत मॅन्युअल टेस्टिंगला, म्हणजे सॉफ्टवेअर हाताने वापरून त्यातील चुका शोधण्याच्या कामाला लागलो. पुढे सेलेनियम हे वेबसाइटची तपासणी आपोआप करणारे साधन शिकून रोजचे बरेचसे काम स्क्रिप्टवर टाकले. टेस्टिंगला कमी लेखणाऱ्यांना मी आवर्जून सांगतो, की कोड कोठे मोडतो हे मला तेथे जितके कळले, तितके नंतर कोड लिहितानाही कळले नाही.

सुरुवात २००४, नाशिक

मुलीच्या जन्मानंतर मी तीन वर्षे घरी होते. परतले तेव्हा फ्रेमवर्क (प्रोग्रॅम ज्यावर उभा करतात ते तयार सांगाडे) बदललेली होती, परंतु डेटाबेसमधील इंडेक्स (माहिती पटकन शोधून देणारी सूची), जॉइन (तक्ते जोडणे) आणि ट्रॅन्झॅक्शन (पूर्ण होणारे किंवा पूर्ण रद्द होणारे व्यवहार) तसेच होते. माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याच्या या रिलेशनल पद्धतीची मूळ मांडणीच १९७० सालची, ती तीन वर्षांत कशी शिळी होणार? मुलाखतीत मला एक संथ चालणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेली मागणी, दिली. डेटाबेस ती कोणत्या टप्प्यांनी पार पाडतो हे दाखवणारा एक्झिक्यूशन प्लॅन पाहून कोणता इंडेक्स वापरला जात नाही ते मी सांगितले, आणि त्यानंतर नोकरीतील खंडाविषयी कोणी विचारले नाही.