घरच्या कॉम्प्युटरमधे व्हायरस शिरलाय हे तुम्हाला कशावरून कळलं?

नाशिककरांनो, हा धागा मुद्दाम काढतेय. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत पीसी जरा हळू चालला की सगळे 'व्हायरस आला' म्हणतात आणि खरं लक्षण समोर असतं तेव्हा कोणी बघतच नाही. त्यात विंडोज 10 चे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, तरी कितीतरी घरांत तेच चालू आहे. तुम्हाला पहिल्यांदा काय वेगळं दिसलं ते लिहा, अगदी बारीकसारीक असलं तरी लिहा.

सिडको :
मुलीच्या प्रोजेक्टची प्रिंट काढायला पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात दिला होता. घरी लावला तर सगळ्या फोल्डरवर छोटा बाण, साइझ एक-दोन केबी, पण प्रॉपर्टीजमधे बघितलं तर जागा आधीइतकीच भरलेली. म्हणजे फाइल्स गेल्या नव्हत्या, लपवल्या होत्या. बाण असलेल्या फोल्डरवर डबल क्लिक केलं की व्हायरस पीसीत शिरतो, म्हणून आधी स्कॅन केलं आणि मग फोल्डर ऑप्शनमधे हिडन आणि प्रोटेक्टेड फाइल्स दिसतील असं सेटिंग केलं, सगळं मिळालं. आता प्रिंटसाठी पीडीएफ मेलच करतो.

गंगापूर रोड :
आमच्याकडे फॅनचा आवाज. कोणी हात लावलेला नसताना रात्री फॅन जोरात फिरायचा, कुठला प्रोग्राम किती चालतोय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला की लगेच शांत, बंद केला की परत सुरू! आपण बघतोय हे त्याला कळत होतं. आपल्या विजेवर दुसऱ्याचं क्रिप्टो मायनिंग (डिजिटल चलन मिळवायची आकडेमोड) चाललेलं, फुकटात उतरवलेल्या गेमबरोबर आलं होतं. विंडोजच्याच डिफेंडर अँटिव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन केलं, ते रीस्टार्ट करून विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासतं, त्यात सापडलं.

नाशिकरोड :
सासरे प्रेसमधून रिटायर झालेत, दुपारी पेपर वाचतात पीसीवर. एकदम स्क्रीनभर लाल वॉर्निंग, बीप बीप आवाज, 'ताबडतोब या नंबरवर फोन करा'. खूप घाबरले हो ते. हा व्हायरस नसतो, नुसतं वेबपेज असतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमधे फोन नंबर कधीच नसतो. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा आणि परत उघडल्यावर 'रिस्टोर' म्हणायचं नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन.

पंचवटी :
आमचा नुसता स्लो होता, दुसरं काहीच नाही. जुनी हार्ड डिस्क आणि आत धूळ. एसएसडी (वेगवान डिस्क) टाकली, पळतोय.

दिंडोरी :
आमचं फार वाईट झालं. द्राक्षबागेचा सगळा हिशोब, औषध फवारणीच्या नोंदी, पॅकहाउसची बिलं एका पीसीवर. आधी विंडोज अपडेट चालू असल्यासारखी खिडकी आली, ती खोटी होती, मागे फाइल्स लॉक होत होत्या. मग एक्सेलच्या फाइल्सचे आयकॉन पांढरे, नावांना विचित्र शेपूट, प्रत्येक फोल्डरमधे रीडमी नावाची टेक्स्ट फाइल, 980 डॉलर मागितलेले आणि 72 तासांत दिले तर निम्मे. अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइट पण उघडेनात. जोडून ठेवलेली बॅकअपची डिस्क पण लॉक. बिलं मेलमधे होती तेवढी वाचली. पैसे दिले नाहीत, देणारही नाही.

इंदिरानगर :
दिंडोरीकर, वाचून पोटात कालवलं. ती डिस्क फॉर्मॅट करू नका, काढून बाजूला ठेवा. युरोपोल (युरोपियन युनियनची पोलीस संस्था) आणि डच पोलिसांनी 2016 मधे 'नो मोअर रॅन्सम' ही साइट सुरू केली, तिथे लॉक झालेल्या फाइल्स सोडवणारे मोफत प्रोग्राम, म्हणजे डिक्रिप्टर, आहेत. रीडमीमधल्या पर्सनल आयडीच्या शेवटी टी आणि 1 आहे का बघा, तुम्ही लिहिलंय त्यावरून हा स्टॉप-डीजेव्हीयू नावाचा फाइल्स लॉक करून पैसे मागणारा व्हायरस वाटतोय आणि त्यात असा आयडी असला तर फाइल्स सुटायची शक्यता असते. आज नाही सुटल्या तरी लॉक उघडायची 'की' (किल्ली) नंतर मिळू शकते. फक्त आधी पीसीतून तो व्हायरस पूर्ण काढा, नाहीतर सोडवलेल्या फाइल्स परत लॉक करेल. आयडीचं काय निघालं ते इथे लिहा, मी बघतेय.