व्याख्यानमालेत भाषणानंतर चर्चा ठेवावी का? आणि ती चालवायची कोणी?

सतरंजीवाला

नमस्कार मंडळी. आमचं तालुक्याचं गाव, नाव मुद्दाम सांगत नाही कारण आमच्याकडचे दोन-तीन जण तरी इथे नक्की वाचतात. वाचनालयातर्फे दर जानेवारीत पाच दिवसांची व्याख्यानमाला असते. शाळेत होतो तेव्हा मी तिथे सतरंज्या घालायला जायचो, यंदा थेट कार्यकारिणीत घेतलंय. घेतलंय म्हणजे जुन्यांचे गुडघे बोलायला लागले आणि कोणीतरी पाहिजे होतं. आम्ही सात जण आहोत, अध्यक्ष वय वर्षं ७८, मग दोन शिक्षिका, एक मेडिकलवाला, एक एलआयसीवाला, एक द्राक्षवाला शेतकरी (जानेवारीत तो कधी गायब होईल काही भरवसा नाही) आणि मी. पगार कोणालाच नाही, उलट दरवर्षी चहाचे पैसे खिशातून जातात.

तर प्रश्न असा. पूर्वी शाळेचं पटांगण भरायचं, आता साठ-सत्तर डोकी असतात आणि त्यातली निम्मी आमच्याच घरची. वक्ता चांगला असला तरी लोक म्हणतात ह्याचं तर यूट्यूबवर ऐकलंय की. म्हणून मी मीटिंगमध्ये म्हटलं की भाषण कमी करू आणि नंतर अर्धा-पाऊण तास मोकळी चर्चा ठेवू, ती आपणच कार्यकारिणीतल्यांनी आळीपाळीने चालवू, कारण यूट्यूबवर बाकी सगळं मिळतं पण आपल्या गावातली माणसं समोरासमोर बोलताना नाही मिळत.

अध्यक्ष एकदम म्हणाले, चर्चा नको. काही वर्षांपूर्वी पाण्यावर भाषण होतं, तेव्हा प्रश्नोत्तरं ठेवली होती, पहिल्याच गृहस्थाने माईक घेतला तो वीस मिनिटं सोडला नाही, दुसरा उठला तो थेट नगरपालिकेवर घसरला आणि व्यासपीठावर पाहुणे म्हणून नगरसेवकच बसलेले. तेव्हापासून आमच्याकडे चिठ्ठ्या. चिठ्ठ्या आधी सेक्रेटरी वाचतात, चाळतात आणि वक्त्यापर्यंत पोचते ती "आपल्याला ही प्रेरणा कुठून मिळाली" एवढीच.

कोणी लहान गावात हे प्रत्यक्ष करून बघितलंय का? मी एलआयसीवाल्यांना म्हटलं तुम्ही चालवा, तुम्हाला बोलायची सवय आहे, तर ते म्हणाले मला बोलायची सवय आहे, ऐकायची नाही. प्रामाणिक माणूस.

जुना_निवेदक

बावीस वर्षं आमच्या गावच्या मालेचं निवेदन केलं म्हणून बोलतो. तुमचा प्रॉब्लेम चर्चेचा नाही, घड्याळाचा आहे. पत्रिकेत काय छापता, सायं. ६.३०. सुरू होतं सव्वासातला, कारण पाहुणे यायचे असतात. मग दीपप्रज्वलन, वारा असला की समई तीनदा पेटवा, स्वागतगीत, प्रास्ताविक, मागच्या चाळीस वर्षांचा आढावा, मान्यवरांचे सत्कार, देणगीदारांचे सत्कार, सत्कार करणाऱ्यांचे सत्कार, मग वक्त्याचा परिचय, जो त्याने स्वतःच पाठवलेला असतो आणि आपण चुकीचा वाचतो. पावणेआठला तो बिचारा "पुष्प तिसरे गुंफायला" उभा राहतो. सव्वानऊला बसतो. मग अध्यक्षीय समारोप, ज्यात भाषणच पुन्हा ऐकायला मिळतं. मैदानात स्पीकर असेल तर रात्री दहाला बंद म्हणजे बंद, ध्वनी नियमच आहे, आणि काही ठराविक दिवस सूट मिळते ती मोठ्या सणांना, आपल्याला नाही. आता ह्यात चर्चा कुठे बसवणार सांगा. जी काय बसते ती लोक चपला शोधत असताना.

आम्ही काय केलं तर सगळे सत्कार पहिल्याच दिवशी, एका दमात उरकले. बाकी चार दिवस वक्त्याला एक शाल आणि एक पुस्तक, बस. ते ठरवताना मीटिंगमध्ये जी भांडणं झाली ती व्याख्यानमालेत झाली असती तर गर्दी जमली असती. एका देणगीदारांनी पुढच्या वर्षी देणगी दिली नाही हेही सांगून टाकतो. पण बराच वेळ मोकळा झाला.

आणि चर्चा चालवणाऱ्याला त्या दिवशी दुसरं कुठलंही काम देऊ नका. आमच्याकडे पहिल्या वर्षी जो चर्चा चालवणार होता तोच वक्त्याला स्टँडवरून आणायला गेला होता, त्याने भाषण ऐकलंच नव्हतं.

शेवटची_रांग

श्रोता म्हणून सांगते. मी चिठ्ठी लिहिते आणि ती वाचली जात नाही हे मला कळतं. दोन वर्षं असं झालं की तिसऱ्या वर्षी मी घरीच थांबते. तुम्ही म्हणता गर्दी का कमी झाली.

अजून एक, माईक नेहमी पुढच्या दोन रांगांत फिरतो जिथे सगळे काकालोक बसलेले असतात. बायका मागे आणि कडेला. चालवणाऱ्याने माईक घेऊन मागून सुरुवात करावी, बघा काय प्रश्न येतात ते.

तळ्याकाठी

मी अमेरिकेत मिशिगनमधल्या एका छोट्या गावात राहतो आणि इथल्या लायब्ररीत असाच एक गट चालवणाऱ्या समितीत आहे, अर्थात फुकटच. इथे ग्रेट डिसिजन्स म्हणून एक प्रकार आहे, फॉरेन पॉलिसी असोसिएशन नावाची संस्था १९५४ पासून चालवते, दरवर्षी आठ विषय ठरवतात, त्याचं एक पुस्तक येतं आणि गावोगावचे गट आपापल्या सोयीने जमून बोलतात. मोठा वक्ता असलाच पाहिजे असं नाही. लोक आधी पंधरा-वीस पानं वाचून येतात (सगळे नाही येत वाचून, माणसं सगळीकडे सारखीच), एक छोटा व्हिडिओ बघतात आणि मग आमच्यापैकी कोणीतरी चर्चा चालवतं. शेवटी मतपत्रिका भरायची, कोणाला काय वाटतं ते त्यात. वाद होतात, पण विषय परराष्ट्र धोरणाचा असल्यामुळे शेजाऱ्याच्या बांधापर्यंत येत नाहीत, हा मोठा फायदा.

माझी पहिली चर्चा साफ पडली होती. मी दहा प्रश्न लिहून नेले आणि परीक्षेसारखे विचारत सुटलो. मग तिथल्या एका आजींनी बाजूला घेऊन सांगितलं की एकच प्रश्न आण पण असा आण की ज्याचं उत्तर तुलाही माहीत नाही. तेव्हापासून मी तसंच करतो. आणि शांतता पसरली तर पसरू द्यायची, सात-आठ सेकंद फार लांब वाटतात पण कोणीतरी तोंड उघडतंच.

थोडं अवांतर. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ मध्ये, आणि इकडे न्यूयॉर्क राज्यात एका तळ्याकाठी शटॉक्वा नावाचं उन्हाळी शिक्षण-शिबिर सुरू झालं १८७४ मध्ये, ज्याच्यावरून मग गावोगावी तंबूत व्याख्यानं व्हायला लागली. एकमेकांचा काही संबंध असेल असं मी म्हणत नाही, पण वर्ष बघून मजा वाटली. इकडचे तंबू रेडिओ आणि सिनेमा आल्यावर उठले, पुण्याची माला मात्र अजून चालू आहे, नाशिकची गोदाघाटावरची पण. त्यामुळे यूट्यूबला फार घाबरू नका.

हिशेबनीस

सगळे चर्चेवर बोलताहेत, मी रुक्ष बोलतो. @सतरंजीवाला, नवी कार्यकारिणी झाली ना, मग चेंज रिपोर्ट टाकलात का? संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर बदल झाल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात कळवायचं असतं. आमच्याकडे हे राहिलं, बँकेने सह्या बदलून द्यायला नकार दिला, जुन्या खजिनदारांची सही चालायची आणि ते मुलाकडे बंगलोरला. वक्त्यांचं मानधन आम्ही तिघांनी घरातून काढून दिलं. देणगीचं पण बघा, संस्थेला ८०जी (देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी मान्यता) असेल तर रोख दोन हजारांच्या वर घेतलेल्या रकमेवर देणगीदाराला सूट मिळत नाही, हे त्याला आधीच सांगा, नंतर तो तुमच्या दुकानात येऊन भांडतो. आता चर्चा चालू द्या.

पाहुणा_वक्ता

मी ह्या दुसऱ्या बाजूचा. वर्षाला आठ-दहा गावांत जातो, विषय मृदा आणि पाणी. मला चर्चा हवी असते हो! पण आयोजक गाडीतून उतरल्यावर सांगतात, सर जरा लांबवा, लोक लांबून येतात. मग मी दीड तास बोलतो आणि पाऊण तासानंतर मलाच माझा कंटाळा आलेला असतो.

आधी फोन करून सांगा की पन्नास मिनिटं बोला, चाळीस मिनिटं चर्चा आहे. आणि गावाबद्दल दोन गोष्टी सांगा. एका गावात मी ठिबकचं कौतुक करत बसलो आणि नंतर जेवताना कळलं की तिथे दोन वर्षं कॅनॉललाच पाणी नव्हतं. ते आधी कळलं असतं तर भाषणच वेगळं झालं असतं, आणि श्रोत्यांत ते माहीत असलेले पन्नास जण बसले होते, कोणी एक शब्द बोललं नाही कारण बोलायची सोयच नव्हती.

माईक न सोडणाऱ्या माणसाबद्दल, तो प्रत्येक गावात असतो, तुमच्याकडेच आहे असं समजू नका. एका गावात एका शिक्षिकेने फार छान हाताळलं होतं, माईक त्याच्या हातात दिलाच नाही, स्वतःच्या हातात धरून त्याच्या तोंडासमोर नेला. दोन मिनिटं झाली की हात मागे. तो चिडला पण बिनमाईकचा चिडला.

आणि मानधनाचं पाकीट जेवणाच्या ताटाशेजारी ठेवत जाऊ नका, त्यावर भाजीचा डाग पडतो.

सतरंजीवाला

सगळ्यांचे आभार, काल मीटिंग झाली. @हिशेबनीस, चेंज रिपोर्ट टाकलेला नाही, आज वकिलांकडे जातोय, मोठी चूक वाचवलीत.

चर्चेचं असं ठरलं की पाचांपैकी एकच दिवस, तिसरं पुष्प, विषय द्राक्षबागा आणि बदलतं हवामान. वक्त्यांना फोन केला, ते म्हणाले पंचेचाळीस मिनिटांत आवरतो. चालवणार आमच्या शिक्षिका, कारण @पाहुणा_वक्ता यांची माईकची गोष्ट मी वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या हे तर मी रोज आठवी ब मध्ये करते. @शेवटची_रांग, माईक मागून सुरू होणार, आणि चिठ्ठ्या आल्या तर सगळ्या वाचायच्या हे मिनिट्समध्ये लिहून घेतलंय. एकच प्रश्न आणायचा होता, तो द्राक्षवाल्याने दिला: बाग तोडावी की ठेवावी. म्हणाला मला खरंच माहीत नाही. त्यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

सत्कारांवर अपेक्षेप्रमाणे तासभर गेला. शेवटी अध्यक्षांनी तिसऱ्या दिवसापुरते सगळे सोडले, फक्त वक्त्यांची शाल सोडली नाही, ती ते स्वतःच घालणार. आणि नगरसेवकांना त्या दिवशी व्यासपीठावर नाही, श्रोत्यांत पहिल्या रांगेत बसवायचं. हे त्यांना सांगायचं कोणी यावर गाडी अडली होती, चिठ्ठ्या टाकल्या, माझं नाव निघालं.

कॉर्डलेस माईक भाड्याने मिळतो का तालुक्याला? आमच्या मंडपवाल्याकडे वायरवालाच आहे आणि वायर सातव्या रांगेपर्यंतच पोचते.