निराधार योजनेचे पैसे: तहसील म्हणतं सोडले, पासबुकात नोंद नाही

गावकूस

नमस्कार. गावातल्या संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेच्या लाभार्थ्यांची कागदपत्रं बघतो. सध्या तीन प्रकरणं अडली आहेत.

पहिलं, एक विधवा ताई, वय ४८. तहसीलच्या संजय गांधी शाखेत सांगतात की पैसे दर महिन्याला सुटतात. पण त्यांनी अर्जात दिलेल्या खात्यात चार महिन्यांत एकही रक्कम नाही. बँकेत विचारलं तर "आधार लिंक आहे, आमच्याकडून काही अडचण नाही" एवढंच उत्तर.

दुसरं, ७१ वर्षांचे आजोबा. शेजारच्या आजोबांचे पैसे आले, यांचे नाहीत. बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत आणि आधारला मोबाइल नंबर जोडलेला नाही.

तिसरं, एक आजी. त्यांच्या खात्यात कधी २०० येतात, कधी १३००. एकदम १५०० येतच नाहीत. घरच्यांना वाटतं मधे कोणीतरी कापून घेतंय.

कुणाकडे आधी जायचं, तहसीलला की बँकेत?

पासबुक

ताईंचं आधी घ्या, कारण अशी प्रकरणं सगळ्यात जास्त असतात आणि बहुतेकदा पैसे कुठेतरी पडलेले असतात.

"आधार लिंक" म्हटल्यावर बँक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करते. केवायसीसाठी आधार चार बँकांत दिलेलं असू शकतं. पण सरकारी अनुदान आधारवरून येतं तेव्हा एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या) मॅपरमध्ये, म्हणजे कोणत्या आधारला कोणती बँक जोडली आहे त्या यादीत, त्या आधारसमोर ज्या एकाच बँकेचं नाव असेल, तिथेच ते जातं. सर्वांत शेवटी ज्या बँकेने सीडिंग केलं, म्हणजे अनुदानासाठी आधार खात्याला जोडलं, ती बँक. अर्जात लिहिलेला खाते क्रमांक तिथे बघितलाच जात नाही. बचत गटासाठी किंवा पोस्टात नवं खातं उघडताना संमतीच्या रकान्यावर टिक झाली की पैसे तिकडे वळले, आणि लाभार्थीला पत्ता नसतो. २०१७ मध्ये सिमची ई-केवायसी करताना उघडलेल्या पेमेंट्स बँक खात्यांत लोकांचं गॅसचं अनुदान असंच वळलं होतं. तेव्हा आधार प्राधिकरणाने त्या मोबाइल कंपनीची ई-केवायसी थांबवली होती.

मायआधार पोर्टलवर ताईंचा आधार क्रमांक टाका, ओटीपी घ्या, 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. बँकेचं नाव, ॲक्टिव्ह की इनॲक्टिव्ह, आणि शेवटची अद्ययावत तारीख दिसेल. ही तारीख महत्त्वाची. पैसे थांबले त्याच सुमाराची असेल तर कारण सापडलंच म्हणून समजा. खाते क्रमांक मात्र दिसत नाही. एकाच बँकेत दोन खाती असतील तर कोणत्या खात्याला सीडिंग आहे ते शाखेतच विचारावं लागतं.

इनॲक्टिव्ह दिसलं तर पैसे कुठेच गेलेले नाहीत, ते शासनाकडे परत गेले. मग बँकेत आधार सीडिंगचं संमतीपत्र द्यायचं. "आधार लिंक करा" असं तोंडी सांगू नका, "डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग करा" असं म्हणा (डीबीटी म्हणजे थेट खात्यात येणारं सरकारी अनुदान) आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. काही दिवसांनी स्टेटस पुन्हा बघा. ते ॲक्टिव्ह दिसेपर्यंत काम झालं असं धरू नका.

महसुली

आजींचे पैसे कोणी कापत नाही, कृपया घरच्यांना आधी हे सांगा. त्या दारिद्र्यरेषेखालच्या यादीतून इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेत असणार. तिथे ७९ वर्षांपर्यंत केंद्राचे २०० आणि राज्याचे १३००, मिळून १५००. ८० पूर्ण झाली की केंद्राचा वाटा ५०० होतो. दोन्ही वाटे वेगळ्या बिलांतून निघतात, म्हणून तारखा वेगळ्या. तीन-चार महिन्यांचं पासबुक छापून घ्या आणि दोन्ही रकमांची बेरीज करा. राज्याचा वाटा नियमित येतो आणि केंद्राचा अजिबात नाही असं दिसलं, तरच तक्रार करा.

शेजाऱ्याशी तुलना करूनही कळत नाही. निधी सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती अशा वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली (सरकारी हिशोबातल्या सदरांखाली) येतो. एका शीर्षाचा निधी आधी आला की त्याच गल्लीत एकाला पैसे मिळतात, दुसऱ्याला नाही. आजोबांच्याच प्रवर्गातल्या, त्याच योजनेच्या दुसऱ्या लाभार्थ्याला विचारा. त्यालाही आले नसतील तर निधीची वाट बघायची. त्याला आले असतील तर आजोबांचं नाव अडलंय.

नाव अडतं ते मुख्यतः तीन ठिकाणी. हयातीचा दाखला दिलेला नाही. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली, किंवा नव्या दाखल्यात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या वर लिहिलं गेलं. (२१,००० म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. ही मर्यादा वाढायलाच हवी, पण आज नियम हाच आहे. दिव्यांगांसाठी ती ५०,००० आहे.) तिसरं, डीबीटी पोर्टलवर आधार पडताळणी झालेली नाही, कारण मंजुरी आदेशात 'सखाराम' आणि आधारवर 'सकाराम'.

शाखेत "पैसे का आले नाहीत" असं विचारलं की "येतील" असं उत्तर मिळतं. त्याऐवजी लेखी अर्जात तीनच प्रश्न विचारा: लाभार्थी आज चालू यादीत आहे का, आधार पडताळणी झाली आहे का, शेवटचं देयक कोणत्या महिन्याचं निघालं आणि ते यशस्वी झालं की परत आलं. आवक क्रमांक घ्या. उत्तर नाहीच आलं तर हेच प्रश्न माहिती अधिकारात. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, उत्तराची मुदत ३० दिवस.

अंगठा

आजोबांच्या ठशांबद्दल. कष्टाच्या हातांचे ठसे झिजतात, त्यात त्यांचा दोष नाही आणि त्यावरून कोणी त्यांना परत पाठवू नये. डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा चेहऱ्यावरून आधार पडताळणी होते, केंद्रावर तसं मागा. मोबाइल नंबर जोडायला पोस्टमन घरी येऊन करून देतात, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत ही सोय आहे. नंबर घरातल्याच माणसाचा द्या, केंद्रचालकाचा कधीही नाही.

केंद्रावर अंगठा लावून पैसे काढताना एक पथ्य पाळा. आधी फक्त शिल्लक तपासायची, मग काढायचे, आणि दर वेळी पावती. "फेल झालं, परत अंगठा ठेवा" असं म्हणाले तर फेल झाल्याची पावतीही मागा. कुठे गळती होत असेल तर ती इथे होते. खरंच व्यवहार फसला आणि खात्यातून रक्कम गेली, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ती व्यवहारानंतर पाच दिवसांत परत यायला हवी. पुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

गावकूस

खूप आभार. ताईंचं स्टेटस बघितलं. बचत गटासाठी जिथे खातं उघडलं होतं त्याच बँकेचं नाव आहे, ॲक्टिव्ह. तिथे चार महिन्यांचे ६००० जमा आहेत! पण काढता येत नाहीत, खातं 'स्मॉल अकाउंट' आहे म्हणतात. सीडिंग जुन्या बँकेत परत न्यावं का?

पासबुक

घाई नको, आधी हे ६००० मोकळे करा. स्मॉल अकाउंट म्हणजे पूर्ण केवायसी न करता उघडलेलं खातं. त्यात वर्षभरात एकूण एक लाखापर्यंतच जमा चालते, शिल्लक ५०,००० च्या वर जाऊ शकत नाही आणि महिन्याला १०,००० पर्यंतच काढता येतात. गटाच्या कर्जाची रक्कम त्यातून फिरली असेल तर मर्यादा ओलांडली जाते आणि खातं अडतं. आधार, पॅन (नसेल तर फॉर्म ६०) आणि फोटो देऊन पूर्ण केवायसी करून घ्या. खातं 'मूलभूत बचत ठेव' प्रकारात ठेवायला सांगा, त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही आणि त्यासाठी दंडही लागत नाही.

मग ताईंना जी शाखा जवळ, तिथे सीडिंग ठेवा. हलवायचंच असेल तर संमतीपत्रात 'एका बँकेतून दुसऱ्या बँकेत' हा पर्याय निवडून आधीच्या बँकेचं नाव लिहावं लागतं. ते नुसतं रिकामं सोडलं की अर्ज परत येतो. आणि बिल निघण्याच्या दिवसांत हलवू नका.

आणखी एक. त्या ताईंनी लाडकी बहीणचा अर्जही भरला आहे का ते विचारा. निराधारचे १५०० मिळत असतील तर त्या योजनेत पात्रता नाही.

महसुली

आणि बँकेने केवायसी घेऊनही खातं अडवून ठेवलं, किंवा कुणाचं अनुदान पीककर्जात वळतं करून घेतलं, तर शाखेला लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, शुल्क काही नाही. १४४४८ वर फोन केला तर कशी करायची ते सांगतात. तक्रारीला पासबुकाची प्रत आणि बँकेच्या शिक्क्याची पोच जोडा. पोच नसेल तर बँकेला आधी विचारलं होतं हे दाखवता येत नाही आणि तक्रार तिथेच बंद होते.