अनुभव धागा: आइसलँडचा दक्षिण किनारा, दोघं मित्र, एक गाडी – धबधबे आणि हिमनद्या

आइसलँडच्या सहलीचे फोटो भरपूर मिळतात, पण गाडीचं दार वाऱ्याने उलटं का वाकतं हे कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा. मर्यादा ठरवून घेऊ: रेक्याविक ते योकुल्सारलोन हा एक नंबरचा रस्ता, दोन माणसं, चार-पाच दिवस. कशाने अडतं, का अडतं आणि त्यावर उपाय काय, एवढंच लिहा. आधी एक छोटा शब्दकोश, म्हणजे पाट्या वाचता येतील: फॉस म्हणजे धबधबा, योकुल म्हणजे हिमनदी, लोन म्हणजे खाजण, सांदुर म्हणजे वाळूचं मैदान आणि ब्रू म्हणजे पूल. ‘एइनब्रेइद ब्रू’ ही पाटी दिसली की वेग कमी करा, पुढे एकेरी पूल आहे.

*

अंतरं आणि दिवस (कोपनहेगनहून)

एक नंबरचा पूर्ण रस्ता, म्हणजे देशाला वळसा घालणारा रिंगरोड, सुमारे १,३२० किलोमीटरचा आहे. स्केइदारारसांदुर या वाळूच्या मैदानावरचे पूल झाले आणि १९७४ मध्ये तो पहिल्यांदा पुरा जोडला गेला. पाच दिवसांत तो सगळा मारायचा हट्ट धरू नका, खिडकीतून देश बघून परत याल.

रेक्याविकहून सेल्यालँडस्फॉस साधारण सव्वाशे, वीक हे गाव १८७, स्काफ्ताफेल सव्वातीनशे आणि योकुल्सारलोन पावणेचारशे किलोमीटर. मोकळ्या रस्त्याची कमाल मर्यादा डांबरावर ९०, खडीवर ८०, गावात ५०. म्हणजे योकुल्सारलोन एका बाजूने पाच तास, तेही न थांबता. ते एका दिवसात जाऊन-येऊन करणं म्हणजे दहा तास नुसतं चाक धरून बसणं.

चालणारा आराखडा असा. पहिली रात्र हेल्ला किंवा ह्वोल्सवोल्लुरला. दुसऱ्या दिवशी धबधबे आणि सोल्हेइमायोकुल, मुक्काम वीक. तिसऱ्या दिवशी स्काफ्ताफेल, मुक्काम त्याच्या पुढे कुठेही. चौथा दिवस योकुल्सारलोन आणि अर्धा परतीचा रस्ता. पाचवा दिवस मोकळा ठेवा, वारा तो घेणारच.

व्हिसा शेंगेनचा. दोघं मिळून अर्ज करत असाल तर प्रत्येक मुक्कामाच्या बुकिंगवर दोघांचीही नावं हवीत. एकाने सगळं आपल्या नावावर बुक केलं की दुसऱ्याच्या फाइलमध्ये राहण्याचा पुरावाच नसतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.

*

गाडी, परवाना, विमा (पुण्याहून)

आपला परवाना स्मार्ट कार्डाचा आणि इंग्रजी अक्षरांतला असेल तर बहुधा चालतो, पण आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा. आरटीओत फॉर्म ४ए, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. कराराच्या कागदावर दुसऱ्या चालकाचं नाव घालून घ्या. ते नसताना मित्राच्या हातात चाक दिलंत आणि काही झालं, तर विमा शून्य.

गिअर उजव्या हाताला येतो याची धास्ती सगळ्यांना असते, ती दोन तासांत जाते. खरी गडबड आधी इंडिकेटर-वायपरमध्ये होते, वळताना वायपर सुरू. तेवढ्यावर हसून सोडता येतं. धोका गोल चौकात आहे. रेक्याविकच्या दोन पदरी चौकात आतल्या पदरातल्या गाडीला बाहेर पडताना प्राधान्य असतं. बाहेरच्या पदरात असाल तर तिला जाऊ द्या. हे इतर बऱ्याच देशांत उलटं आहे, म्हणून युरोपात गाडी चालवलेलेही इथे चुकतात. दिवे दिवसाही लावलेलेच ठेवायचे, कायदाच आहे.

विम्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या वाचा. खडीने काच तडकणं हे एक कलम. वाळू-राखेने रंग खरवडला जाणं हे दुसरं, आणि ते मूळ विम्यात सहसा नसतं. तिसरं म्हणजे वाऱ्याने दार उलटं वाकणं आणि नदीत गाडी घालणं. यांची भरपाई जवळपास कुठलाच विमा देत नाही. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचा व्हिडिओ घ्या, आणि दारांच्या बिजागऱ्यांजवळचा पत्रा व काचेची खालची कड जवळून टिपा. वाद होतो तो नेमका तिथेच.

बरेच पंप बिनमाणसांचे आहेत. कार्डाचा पिन पाठ पाहिजे. टाकी भरायला सांगितलीत तर मोठी रक्कम काही दिवस अडकून पडते, प्रीपेड फोरेक्स कार्डावर हे फार खुपतं. ठरावीक रकमेचं इंधन घ्या. किर्क्युबायार्क्लाउस्तुर ते होफन सुमारे दोनशे किलोमीटर आहे, त्यामुळे क्लाउस्तुरला अर्ध्या टाकीवर समाधान मानू नका.

*

फोर बाय फोर लागते का? (बंगळुरूहून)

उन्हाळ्यात एक नंबरच्या रस्त्यासाठी अजिबात नाही. साधी छोटी गाडी पुरते. एफ अक्षराच्या डोंगरी रस्त्यांवर मात्र ती न्यायला कायद्यानेच बंदी आहे. सेल्यालँडस्फॉस रस्ता क्र. २४९ वर आहे. तोच पुढे एफ२४९ होतो आणि थोर्समोर्ककडे जाताना नद्यांत शिरतो. नकाशाचं ॲप दोन्ही एकाच रंगात दाखवतं. फरक एका अक्षराचा आहे आणि तो इंजिनाच्या किमतीला पडतो.

*

वरच्याला थोडी दुरुस्ती (ओस्लोहून)

उन्हाळ्यासाठी मान्य. पण ऑक्टोबर ते एप्रिल फोर बाय फोर घ्यावी, आणि त्याहून महत्त्वाचं, टायर खिळ्यांचे आहेत का ते बघावं. चारही चाकं फिरली म्हणून बर्फावर गाडी *थांबत* नाही, थांबवतो तो टायर. खिळ्यांच्या टायरना १ नोव्हेंबर ते १४ एप्रिल परवानगी असते. डिसेंबरच्या शेवटी रेक्याविकला उजेड जेमतेम चार तास असतो, त्या हिशेबाने दिवसाला एक धबधबा आणि एक हिमनदी एवढंच जमतं.

*

वारा (रेक्याविकहून)

पावसाचं इथे कोणी मनावर घेत नाही, वाऱ्याचं घेतात. हवामान खात्याची ‘वेदुर डॉट आयएस’ ही साइट वारा मीटर प्रति सेकंदात देते. त्याला ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात. १५ म्हणजे ताशी ५४, चाक दोन्ही हातांनी धरा. २० म्हणजे ७२, उंच गाडी किंवा कॅम्पर असेल तर निघूच नका. झोताचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो बघा, सरासरी नव्हे. डोंगराच्या पायथ्याशी, म्हणजे एयाफ्योल्लच्या खाली आणि वीकच्या आसपास, झोत सरासरीपेक्षा कितीतरी जास्त असतात. कारण वारा कड्यावरून खाली कोसळतो. स्केइदारारसांदुरवर तोच वारा वाळू उचलतो आणि गाडीचा रंग पॉलिश पेपरने घासल्यासारखा उतरवतो.

गाडी लावताना तोंड वाऱ्याकडे करा. दार उघडताना काच चार बोटं खाली घ्या, एका हाताने दाराची कड धरा आणि मगच कडी सोडा. दोघांनी एकदम दारं उघडायची नाहीत. एका बाजूने वारा शिरतो, दुसरं दार हातातून सुटतं आणि बिजागरी पुढच्या पत्र्यात घुसते.

गाडी न चालवणाऱ्या मित्राचं काम झोपायचं नाही. त्याने दर तासाला ‘उमफेर्दिन’ साइटवर रस्त्याची स्थिती बघायची (फोनवर १७७७). एकेरी पूल दिसला की समोरची गाडी किती जवळ आहे ते सांगायचं, जो पुलाच्या जवळ तो आधी जातो. मेंढ्यांवर लक्ष ठेवायचं. मेंढी रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला असेल, तर कोकरू ऐनवेळी आईकडे धावणारच. फोटोसाठी रस्त्यावर गाडी थांबवायची नाही. बाजूपट्टी नसतेच आणि मागून ट्रक येतो. ‘११२ आइसलँड’ हे ॲप दोघांच्याही फोनमध्ये घ्या, बटण दाबलं की ठिकाण थेट कळतं.

*

धबधबे, नीट बघायचे तर (नाशिकहून)

आपले सह्याद्रीतले धबधबे पावसावर जगतात, दिवाळीनंतर कडा कोरडा. इथल्या बऱ्याच नद्यांना वरून बर्फाचं पाणी आहे, त्यामुळे ऊन चांगलं पडलेल्या जुलै-ऑगस्टमध्येही धार भरलेली असते.

सेल्यालँडस्फॉस ६० मीटर. पाण्याच्या मागून वाट आहे. तोंड पश्चिमेकडे, म्हणून संध्याकाळची वेळ घ्या, तिरपं ऊन पडद्याच्या आत येतं. सकाळी अकराला सगळ्या बसगाड्या येतात आणि उजेडही मागून. वाट चिखलाची आहे, हिवाळ्यात बर्फ साचला की साखळी लावून बंद करतात. साखळी ओलांडू नका, पायऱ्यांवर तुषार गोठून काच झालेली असते.

तिथून दहा मिनिटांवर ग्ल्यूव्ह्राबुई. कड्याच्या अरुंद घळीत लपलेला आहे, बाहेरून फक्त एक ओढा आणि फट दिसते. ओढ्यातल्या दगडांवरून आत जायचं. दगड गुळगुळीत आहेत, पाणी घोट्याला लागतं. वॉटरप्रूफ बूट नसतील तर दगडावरून उड्या मारण्यापेक्षा सरळ पाण्यातून चाला, मोजे बदलता येतात, घोटा बदलता येत नाही. आत गेल्यावर वरून छत्री धरल्यासारखे तुषार पडतात, फोन आधीच पिशवीत.

स्कोगाफॉस ६० मीटर उंच, सुमारे २५ मीटर रुंद, दक्षिणमुखी. इथल्या इंद्रधनुष्याचं गणित सोपं आहे. धनुष्य सूर्याच्या बरोब्बर विरुद्ध बिंदूभोवती ४२ अंशांवर पडतं. जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ ५० अंश वर असतो, म्हणजे पूर्ण धनुष्य तुमच्या डोळ्यांच्या पातळीखाली जातं आणि खाली उभं राहून दिसत नाही. सकाळी साडेदहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर या. आणि दुपारीच पोचलात तर बाजूच्या पाचशेहून जास्त पायऱ्या चढा, वरून ते पायाखाली दिसतं. (इथल्या घड्याळात सूर्य डोक्यावर येतो सव्वा ते दीडच्या सुमाराला, बाराला नाही.)

शेजारचा क्वेर्नुफॉस बहुतेक गाड्या टाळून जातात. वीस मिनिटांची सपाट वाट आहे, मागूनही जाता येतं. गर्दीचा कंटाळा असेल तर सेल्यालँडस्फॉसऐवजी हाच धरा.

स्वार्तिफॉस जेमतेम २० मीटर, पण मागचे काळे षटकोनी खांब बघायचे. अंधेरीची गिल्बर्ट हिल ज्या प्रकाराने झाली त्याच प्रकाराने: लाव्हा हळू निवला, आकसला, तडे गेले आणि खांब सुटे झाले. स्काफ्ताफेलहून चढाची वाट, जाऊन-येऊन दीड तास.

वारा फार असेल त्या दिवशी एयाफ्योल्लच्या कड्यांवरच्या बारीक धारा खाली न येता वर उडताना दिसतात, आपल्या नाणेघाटात दिसतं तसंच. तो दिवस खालून बघायचा, कड्यावर जायचा नाही.

वाहनतळ बहुतेक ठिकाणी पैसे देऊन. कॅमेरा नंबर टिपतो, फाटक नसतं, म्हणून लोक विसरतात. मग भाड्याच्या गाडीच्या कंपनीकडून दंड अधिक सेवाशुल्क येतं. निघण्याआधी ॲपवर भरून टाका.

छत्री घरी ठेवा. पावसाळ्यातला पोंचो वाऱ्यात पतंग होतो. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही. वरून पाणी अडवणारी पँट, हीच सगळ्यात उपयोगी खरेदी. लेन्स पुसायला चार कोरडे कपडे, एक पहिल्याच धबधब्याला संपतो.

*

हिमनदीवर पाय ठेवण्याआधी (म्युनिकहून)

सोल्हेइमायोकुलला पोचल्यावर पहिली प्रतिक्रिया असते, “हे तर काळं आहे!” बरोबर आहे. जवळच्या ज्वालामुखींची राख बर्फात थरांनी अडकलेली आहे, २०१० चा एयाफ्यात्लायोकुलचा उद्रेक तर ताजाच. बर्फ वितळतं, राख वर उरते. काही ठिकाणी राखेचे टोकदार ढीग दिसतात. आत बर्फ असतो, वरची जाड राख त्याला ऊन लागू देत नाही म्हणून तेवढा भाग मागे राहतो. पायाने उकरून बघा, बोटभर राखेखाली निळसर बर्फ लागेल.

वाहनतळ ते बर्फाचं टोक हे अंतर दर वर्षी वाढतंय आणि मधे तळं झालंय. वाटाड्याशिवाय वर जायचं नाही. पाणी बर्फात उभी विवरं पाडतं, त्यांच्या कडा वरून भक्कम वाटतात आणि आतून पोखरलेल्या असतात. सहलीत क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचा धातूच्या दातांचा सांगाडा), हेल्मेट, हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) देतात. बूट मात्र घोट्याच्या वरचे, कडक तळव्याचे लागतात. मऊ स्पोर्ट्स शूजवर क्रॅम्पॉनचा पट्टा आवळला की तळवा वाकतो आणि सांगाडा निसटतो. बूट भाड्याने मिळतात, पण बुकिंगच्या वेळीच माप सांगा.

चालताना पाय खांद्याएवढे फाकवा. पाऊल सपाट आपटा, टाच-चवडा असं नाही, सगळे दात एकदम रुतले पाहिजेत. सैल पँटचा खालचा घोळ दुसऱ्या पायाच्या दातांत अडकून माणूस पडतो, तो मोज्यात खोचा. हातमोजे ऊन असलं तरी घाला, थंडीसाठी नव्हे, पडल्यावर हा बर्फ किसणीसारखा हात सोलतो. तीन तासांच्या सहलीत प्रत्यक्ष बर्फावर एक-दीड तासच मिळतो, बाकी वेळ साहित्य आणि वाट.

निळ्या बर्फगुहा हिवाळ्यातल्या, साधारण नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात पाणी खेळतं आणि छत कमकुवत होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रेइदामेर्कुरयोकुलवर बर्फ कोसळून एक पर्यटक गेला. उन्हाळ्यात ‘निळी गुहा दाखवतो’ म्हणणाऱ्याला आधी कुठली गुहा ते विचारा.

*

पोटाचं (डब्लिनहून)

बाहेरचं खाणं महाग, शाकाहारी पर्याय वीकच्या पुढे विरळ. स्वयंपाकघर असलेला मुक्काम घ्या. मेतकूट, भाजणी, भाजलेला रवा घरून न्या, तांदूळ-दही तिथल्या स्वस्त सुपरमार्केटात मिळतं (डुकराच्या चित्राचं बोनुस), स्किर हे आपल्या चक्क्याच्या जवळचं. गॅसचा डबा विमानात चालत नाही, पंपावर घ्या. नळाचं थंड पाणी प्या, बाटल्या विकत घेऊ नका. गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, त्याचा चहा करू नका.

*

योकुल्सारलोन (पुन्हा रेक्याविकहून)

इथे घाई केलीत तर सगळ्या रस्त्याचा अर्थ गेला. वात्नायोकुलचा एक फाटा मागे हटला तसं १९३० च्या दशकापासून हे तळं तयार झालं. आता ते सुमारे २५० मीटर खोल आहे आणि छोट्या नदीने समुद्राला जोडलेलं. भरतीला समुद्राचं पाणी आत येतं, ओहोटीला बाहेर. म्हणून भरती-ओहोटीचं कोष्टक बघून या. ओहोटी लागली की हिमनग पुलाखालून समुद्राकडे सरकतात, आणि त्यांचे तुकडे काळ्या वाळूवर येऊन पडतात. समुद्राकडून वारा नसेल तर किनारा रिकामाही सापडतो. मग पुलाच्या दुसऱ्या बाजूचा किनारा बघा, तुकडे बऱ्याचदा एकाच बाजूला साठतात.

गडद निळा हिमनग दिसला तर तो नुकताच उलटलेला. हवेत उघडी राहिलेली बाजू काही काळात खरखरीत आणि पांढरी होते. उलटण्याआधी फार सूचना मिळत नाही, म्हणून काठाला टेकलेल्या तुकड्यावरही चढायचं नाही. नाव साधारण मे ते ऑक्टोबर चालते. रबरी लहान होडी हिमनदीच्या भिंतीजवळ जाते, चाकांची मोठी नाव तेवढी जात नाही. पैसे एकदाच घालायचे असतील तर लहान होडीवर घाला.

गाडीत परत बसण्याआधी बूट एकमेकांवर आपटून वाळू झाडा. दाराच्या रबरात ती अडकली की पुढच्या वाऱ्यात नीट बंद होत नाही.